चार बोटं

१

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज नुकतंच उघडलं होतं. साल त्र्याहत्तर. दुपारी मी सहामाहीचे पेपर पुढ्यात घेऊन बसलो होतो आणि एकही तपासत नव्हतो. ऑफिसातले नाथाजी स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले.

"सर, साताऱ्याचा ट्रंक कॉल आलता. कोण लालासाहेब बोलत हुते."

"माझे मेहुणे. काय म्हणाले?"

"बाई गेल्या, सरांना कळवा, म्हणाले. पुढचं काय ऐकूच आलं न्हाई. नुसती खरखर. लय ओरडून बगितलं मी."

"कधी?"

"सकाळी, म्हणाले. म्हंजे पोचतीलच आता. स्टँडवर जावा सर, भावाच्या घरनं येत्यात, पिशव्या असतील."

माझी बायको कालिंदी आदल्या दिवशी साताऱ्याला गेली होती. गाडी मिस्त्रीकडे सोडायची, रात्री भावाकडे राहायचं आणि एसटीनं परत यायचं, असं ठरलं होतं. निघताना ती 'येते' म्हणाली. आमच्याकडे जाताना 'जाते' म्हणत नाहीत.

मी पेपर गुंडाळून ठेवले आणि सांगलीच्या स्टँडवर गेलो. साताऱ्याची गाडी आली, तीत ती नव्हती. मी बाहेरच्या गाड्यावरून तिच्या आवडीचं तिखट भडंग घेतलं आणि बाकावर बसलो. पुढची गाडी कऱ्हाडहून भरून आली. उतरणाऱ्यांत एक बाई तिच्यासारखीच पदर खोचून पाठमोरी उभी होती, मी उठलो आणि परत बसलो. कंडक्टर म्हणाला, मागं अजून एक आहे. मला घाई नव्हती. हवेत थोडा गारवा आला होता, समोरच्या दुकानात रेडिओ चालू होता. माणूस येणार असलं की वाट बघण्यातही एक सुख असतं, आणि ते मी त्या संध्याकाळी पुरेपूर भोगलं.

दिवेलागणीला विश्रामबागेत घरी आलो, तर फाटकाशी जीप उभी होती. लालासाहेब पायरीवर बसले होते. एवढा दांडगा माणूस, पण गुडघे जवळ घेऊन बसला होता.

"दाजी, कुठं होता तुम्ही? फोन केलता की मी."

"तिला आणायला गेलो होतो. स्टँडवर."

त्यांनी माझ्या हातातल्या पुडीकडं बघितलं. मग मान खाली घातली.

"बसल्या बसल्या गेली ओ, दाजी. चहा प्याली, कप खाली ठिवला. काय सांगत हुती, गाडीचंच. आन् मधीच थांबली."

२

ती गाडी तिच्या वडिलांची. ते साताऱ्याला वकील होते. संस्थानं गेली तेव्हा कुठल्याशा राजेसाहेबांच्या पागेमागच्या मोटारखान्यातून त्यांनी ती उचलली होती. विलायती, गडद हिरवी, लांब नाकाची, वर कापडी टप. शर्यतीसाठी बनवलेली, म्हणून माणसं दोनच मावत. दरवाजे कोपराजवळ खोलगट कापलेले होते, हात बाहेर सोडून बसता येई. सासरे वारल्यावर लालासाहेब म्हणाले, यात माझा एक पायसुद्धा जात नाही, ताईलाच द्या. अशी ती आमच्याकडे आली. आम्हांला मूलबाळ नव्हतं. गाडीचे लाड करायला कालिंदीला वेळ होता.

चालवायचो आम्ही दोघंही, पण तिला डाव्या बाजूला बसायला जास्त आवडे. "चालवताना रस्ता बघावा लागतो," ती म्हणायची, "इकडं बसलं की बाकीचं सगळं दिसतं." बसली की उजवा हात मांडीवर आणि डावा दरवाज्याबाहेर. हरिपूरला नावेतून जाताना ती अशीच बसायची, बोटं पाण्यात सोडून. पाण्यावर चार रेघा उमटत आणि मिटत जात.

गाडी खाली उतरवायचं खूळ तिथूनच आलं. मधल्या काळात कोणीतरी आपल्याकडच्या रस्त्यांसाठी म्हणून ती उंच करून घेतली होती. कालिंदीच्या वडिलांच्या कपाटात एक जुना फोटो होता, त्यात हीच गाडी जमिनीला चिकटून उभी होती आणि कोणी एक गोरी बाई आतून हात खाली सोडून गवताला हात लावत होती.

"मला एवढंच पाहिजे," ती म्हणाली. "बसल्या जागेवरून जमिनीला हात लागला पाहिजे."

"लागून काय होणार?"

"काही नाही. लागला पाहिजे."

गोडोलीच्या बाजूला भाऊसो मिस्त्री होते. पलटणीत गाड्या दुरुस्त करून आलेले. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दसऱ्याच्या सुमारास दोघंही गेलो होतो. चाकांच्या वर लोखंडी पट्ट्यांची कमान असते, तिच्या एकेका पट्टीला ते पाटा म्हणत. प्रत्येक कमानीतला एकेक पाटा कमी करायचा, उरलेले थोडे सपाट करायचे, म्हणजे गाडी खाली येते. 'खाली येते' याला त्यांचा शब्द 'बसते'.

"पर एक हाय वैनी," ते म्हणाले. "गाडी बसवायची तर मानसं आत पायजेत. रिकामी गाडी खोटं बोलती. तुमी दोगं आत बसायचं, आपापल्या जाग्यावर, मी खालनं बोल्ट आवळनार. ज्या वजनावर आवळलं, त्ये वजन तिच्या ध्यानात ऱ्हातंय."

"म्हणजे जोडीनं बसायचं," कालिंदी म्हणाली. "सत्यनारायण घालताय का, मिस्त्री?"

"तसंच समजा की. तितं पाटावर, हितं पाट्यावर."

ती खूप वेळ हसली. भाऊसोंनी टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत हात आडवा घातला. चारी बोटं जाऊन वर बरीच जागा राहत होती. "हे भरून आलं पायजे," ते म्हणाले. "नेमकी चार बोटं. त्याच्या खाली न्यायची न्हाई. त्याच्या खाली गाडी ऱ्हात न्हाई."

हे सगळं दिवाळीनंतर करायचं ठरलं. ती गाडी सोडून आली की दोन दिवसांनी आम्ही दोघांनी मिळून जायचं होतं. बसायला.

३

थंडी सरता सरता लालासाहेबांनी निरोप आणला. भाऊसोंनी पाटे काढून ठेवलेत, गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे, आता उंच करायची की उतरवायची ते सांगा.

"होती तशी करा आणि विकून टाका, दाजी. कशाला पाहिजे आता?"

"तिनं सांगितलं होतं तशी करायची," मी म्हणालो.

मी साताऱ्याला गेलो ती वेळ दुपारची होती. शेडमध्ये ग्रीसचा आणि तापल्या पत्र्याचा वास होता. दाराशी भाऊसोंची म्हातारी आई, अंबूबाई, चंची उघडून पान जमवत बसली होती. भाऊसोंनी माझ्याकडं नीट बघितलं नाही. फक्त म्हणाले, "बसा सर. उजवीकडं."

मी बसलो. ठोकळे काढले. गाडी खाली आली आणि माझ्या बाजूला कलली. एका माणसाच्या वजनानं इतकी हलकी गाडी कलणारच. माझ्या डोळ्यांसमोरची क्षितिजाची रेघ तिरपी झाली, म्हणजे शेडच्या दारातून दिसणारा अजिंक्यताऱ्याचा माथा.

"अशी आवळून चालायची न्हाई," भाऊसो म्हणाले. "तिकडं वजन पायजे." ते कोपऱ्यातलं वाळूचं पोतं ओढत आणायला लागले. मग मध्येच थांबले. त्या सीटवर पोतं, हे आम्हां दोघांनाही बघवणार नव्हतं.

"पोतं कशाला ठिवतोस बाईच्या जाग्यावर?" अंबूबाई दारातून म्हणाली. "सुपारी ठेव की."

"आये, तू गप."

"गप काय? पूजंला बायको नसली तर बापय काय करतुया? सुपारी ठिवतुया. तुज्या बापानं तुज्या भनीचं कन्यादान कसं केलं, मी भाजून पडली हुती तवा? कंबरंला सुपारी लावून केलं."

"आवं, सुपारीला काय वजन असतंय व्हय?"

"ठिवून तर बग. का तुज्या पोत्याला कुंकू हाय?"

भाऊसो हसले, मलाही हसू आलं. त्या शेडमधलं अवघडलेपण जरा हललं. म्हातारीनं चंचीतून एक अख्खी सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. भाऊसो पोत्याचं तोंड बांधायला वळले. मी तिचं मन राखायला म्हणून सुपारी डाव्या सीटवर ठेवली. चामड्याच्या सीटच्या मधोमध. ठेवताना कालिंदीचं नाव मनात आलं. ते त्या दिवसांत कशानंही येत होतं.

पाटे कुरकुरले. लांब, सावकाश, जुन्या पलंगावर कोणी जपून बसावं तसा आवाज. क्षितिजाची रेघ सरळ झाली.

गाडी सरळ झालेली बघून भाऊसो सवयीनं गाडीखाली सरकले होते. "हां," खालून आवाज आला. "आता बसली. असंच ऱ्हावा. हलू नका दोगंबी." पान्याचा कर्र कर्र आवाज सुरू झाला. मी हललो नाही. म्हातारी पान चघळत माझ्या पलीकडं, डाव्या सीटकडं, बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पाहुण्यांकडं बघावं तशी ती बघत होती.

भाऊसो हात पुसत बाहेर आले. पोतं होतं तिथंच, अर्ध्या वाटेत, तोंड बांधलेलं. ते त्याच्याकडं बघत राहिले. मग गाडीभोवती फिरून त्यांनी चारी चाकांवर हात घातला.

"चार बोटं," ते म्हणाले. "चारीकडं."

"गंज असेल," मी म्हणालो. "एखादा पाटा अडकला असेल तो सुटला."

"व्हय. असंल."

"सुपारी तेवढी घरी गेल्यावर हलव बाबा," अंबूबाई म्हणाली. "देव बसवला की हलवावा लागतुया."

४

परतीचा रस्ता मला पाठ होता, पण त्या दिवशी मी तो नव्या उंचीवरून बघितला. उसाच्या बैलगाड्यांचे कणे माझ्या डोळ्यांपुढून जात होते. रस्त्यात बसलेलं कुत्रं मान न उचलता माझ्याकडं बघू शकत होतं. कऱ्हाडच्या अलीकडं खड्ड्यात गाडीचं पोट घासलं, आणि पुढं प्रत्येक ओढ्याच्या फरशीवर घासत राहिलं. उतरवलेल्या गाडीला हे भोगावंच लागतं. भाऊसोंनी तसं सांगितलंही होतं.

मी डावीकडं फारसं बघत नव्हतो. एकदा पेठच्या वळणावर बघितलं. वळण जोराचं होतं, माझी पिशवी पायाशी घसरत गेली. सुपारी जिथं ठेवली होती तिथंच होती.

चामडं मऊ आहे, खड्डा पडला असेल, मी स्वतःला म्हणालो. आणि खरंच पडला होता. सुपारीभोवती सीट दबलेली होती. सुपारीच्या मानानं बरीच जास्त.

एका झाडाखाली थांबून मी उजवा हात दरवाज्याबाहेर सोडला. बोटांची टोकं डांबराला लागली. ऊन पिऊन ते कोमट झालं होतं. मला इतका आनंद झाला की मी तोंडानं बोललो, "लागला बघ."

मग माझ्या लक्षात आलं की माझा हात तिच्या हातापेक्षा लांब आहे. ती या सीटवर असती तर तिची बोटं वीतभर वरच राहिली असती. हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं. इतका सगळा उद्योग केला आणि तिचा हात लागलाच नसता.

५

घराला लागून एक शेड आहे. खाली जमीन मातीची आहे, बारीक भुरभुरीत धुळीची. मी गाडी तिथं ठेवली आणि सुपारी हलवली नाही. हलवायला जायचो, पण शेडच्या दारातून गाडी दिसली की ती सरळ, समतोल उभी असायची, आणि मी उजवीकडं जाऊन बसायचो. रोज कॉलेजातून आल्यावर, दिवे लागायच्या आधी. मी बसलो तरी गाडी कलत नसे. एवढंच सुख होतं. ज्याच्या पलंगाची एक बाजू रिकामी झाली आहे त्याला ते सांगावं लागणार नाही.

पहिल्यांदा फरक जाणवला तो मी उतरल्यावर. माझी बाजू वर आली, डावी खालीच राहिली. पुढं काही आठवड्यांनी डाव्या चाकावर हात घातला तेव्हा चार बोटं जात नव्हती. तीन गेली.

पाटा बसला, असं मिस्त्री लोक म्हणतात. लोखंड थकलं की सपाट होत जातं. यात विशेष काही नाही. तरी मी शेजारच्या जिनपाल चौगुल्यांना बोलावलं. ते आमच्याच कॉलेजात फिजिक्स शिकवतात. कालिंदीच्या हातच्या थालीपीठासाठी दर रविवारी काहीतरी निमित्त काढून यायचे.

"दाखवा तुमचं भूत," ते आल्या आल्या म्हणाले.

त्यांनी उजव्या मडगार्डवर दोन्ही हातांनी दाबलं. गाडी खाली गेली आणि वर आली. डावीकडं दाबलं. खाली गेली नाही, वरही आली नाही.

"अडकलंय," ते म्हणाले. "आधीच पूर्ण दबलेली स्प्रिंग आणखी दबत नाही. वजन आहे काय आत?"

"नाही."

त्यांनी आत डोकावून बघितलं. "ही सुपारी कसली?"

"भाऊसोंच्या आईनं दिली."

"म्हणजे तुम्ही या सुपारीचं वजन धरायचं म्हणता." ते हसले. मग इंग्रजीत धातूच्या थकव्याबद्दल बरंच बोलले. त्यांचं म्हणणं मला पटलं. कोणत्याही सुशिक्षित माणसाला पटलं असतं. बोलता बोलता संध्याकाळ झाली. ते शेडच्या दारापर्यंत गेले, चप्पल पायात सरकवली, आणि मागं वळून, नेहमीच्या सवयीनं, गाडीच्या डाव्या बाजूला मान लववून म्हणाले, "येतो वहिनी."



"सवय," ते म्हणाले. "माफ करा सर." त्यांचा चेहरा उतरला होता. फाटकापर्यंत ते भराभर गेले. त्यानंतर ते आमच्याकडं आले ते पुढच्या दारानं, आणि शेडकडं पाठ करून बसले.

६

धुळीतल्या रेघा मला दिसल्या त्या मे महिन्यात. डाव्या दरवाज्याखाली, जमिनीवर. बारीक, चार, एकमेकींच्या शेजारी, हातभर लांब. कोंबडीनं उकरलं असेल म्हणून मी पायानं पुसून टाकल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत होत्या. टोकाशी किंचित वळलेल्या, नावेतल्या बोटांमागं पाण्यावर वळायच्या तशा.

फटीत आता दोनच बोटं जात होती.

मी खाली बसलो, आणि मला रडू आलं नाही, उलट हलकं वाटलं. मला वाटलं, गाडी का बसत होती ते कळलं. तिचा हात पोचत नव्हता. आता पोचला. तिला एवढंच पाहिजे होतं, आता हे थांबेल.

थांबलं नाही. पुढं रेघांच्या जागी बोटांचे ठसे आले, टोकांचे नव्हेत, पेरांसकट. मग एक दिवस सबंध तळवा. धुळीत खोल, दाबलेला, मनगटापर्यंत. पाणी कुरवाळणाऱ्या हाताचा तो नव्हता. आधारासाठी जमिनीवर हात टेकावा तसा होता.

मी भाऊसोंना बोलावलं. ते एसटीनं आले, पान्यांची पिशवी घेऊन. गाडीखाली अर्धं अंग घालून त्यांनी बघितलं आणि लगेच बाहेर आले.

"सर, पाटा उलटा झालाय. वर पायजे ती कमान खाली गेलीया. हे असं पाच टनाच्या ट्रकचं हुतंय. आता तुटंल कवाबी. तुटला की गाडी पोटावर येणार, ही कड जमिनीत." त्यांनी डाव्या दरवाज्याखालच्या कडेला हात लावला. मग त्यांना तळव्याचा ठसा दिसला. त्यांनी आपला हात मागं घेतला आणि बराच वेळ पँटीला पुसला.

"नवा पाटा घालता येईल?"

"घालू की. पर आदी गाडी रिकामी पायजे." ते सुपारीकडं बघत नव्हते. "आय इचारतीया, सुपारी हलवली का."

"राहिली."

"आवं सर," ते हळू म्हणाले, "बसवल्यालं मानूस किती दिस बसवून ठिवनार? उटायचं असलं तरी उटता येत न्हाई त्येला. हलवल्याबिगर. आय म्हणती, बसून बसून अंग मोडून येतंय."

"तुम्ही हलवाल?"

"म्या कसा हलवू? पूजंला बसलेल्यानंच हलवायची असती."

ते चहा न घेता निघाले. पिशवी ठेवून गेले, म्हणाले, कळवा, मी येतो लगीच.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी ठरवून शेडमध्ये गेलो. हात धुतले होते, चिमूटभर अक्षताही घेतल्या होत्या. उजवीकडून आत बसलो. पत्र्याच्या फटीतून उन्हाचा शेवटचा पट्टा डाव्या सीटवर पडला होता. सुपारीभोवतीचं चामडं खोल गेलं होतं, माणूस बसून उठल्यावर राहतं तसं, पण न उठलेलं. मी अक्षता टाकल्या. सुपारीवर पडल्या त्या तिथं राहिल्या. बाकीच्या हवेतच काही उंचीवर कशावर तरी अडल्यासारख्या झाल्या आणि मग घरंगळत खाली आल्या. उन्हात धूळ असते, डोळे थकलेले असतात, असं मी म्हणू शकतो.

मी हात पुढं केला. तेव्हा पलीकडून, दरवाज्याच्या बाहेरून, आवाज आला. कोरड्या मातीवर काहीतरी फिरल्याचा, अगदी बारीक.

मी सीटवरून तिरपा होऊन दरवाज्याच्या कडेवरून खाली बघितलं. तिथं कोणी नव्हतं. फक्त धूळ होती, आणि ती हलत होती. चार रेघा माझ्या डोळ्यांदेखत ओढल्या जात होत्या, सावकाश, काही घाई नसल्यासारख्या. मधूनच थांबत. ती बोलता बोलता अशीच थांबायची. मग पुन्हा पुढं. कडेखाली जेमतेम बोटभर जागा उरली होती. तेवढ्या जागेत तो हात आला होता. आत परत घ्यायचा म्हटलं तर येईल की नाही, मला सांगता आलं नाही.

पाटा कुठंतरी खोल कुरकुरला.

मला त्या संध्याकाळचं स्टँड आठवलं. भडंगाची पुडी, समोरचा रेडिओ, मागं अजून एक गाडी आहे म्हणणारा कंडक्टर. ती गेली आहे हे तेव्हा साताऱ्याच्या सगळ्यांना माहीत होतं, आणि सांगलीत मी एकटाच असा होतो, ज्याच्यासाठी ती येत होती.

"कालिंदी," मी म्हणालो. "हात आत घे."

रेघा थांबल्या. मी पुष्कळ वेळ वाट बघितली. मग गाडी माझ्याकडं, उजवीकडं, अगदी थोडी कलली. शेजारचं माणूस आपल्याकडं वळलं की कलते तशी.

अंधार पडेपर्यंत मी तसाच बसलो. नंतर उतरून शेडचं दार लोटून घेतलं. भाऊसोंची पिशवी दाराशी आहे. त्यांना कळवायचं राहिलं आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत करायला हवं होतं, आता शेडमधली जमीनही मऊ झाली असेल. मी रोज जातो, उजवीकडं बसतो, डावीकडच्या कडेखाली बघत नाही.

सुपारी हलवायची अजून राहिली आहे.